दिवा लावणाऱ्याची सही

(देवालयाच्या जीर्णोद्धारानिमित्त हिंजवडी येथे ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला की पाहणाऱ्याची नजर प्रथम कळसाकडे जाते. मग ती सभामंडपाच्या खांबांवरून, नव्या फरशीवरून फिरत फिरत देणगीदारांच्या नावांच्या पाटीपाशी येऊन थांबते. हे सारे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची वाखाणणी होते. दगड तिरका बसला तर गावातले शेंबडे पोरही बोट दाखवते. परंतु गिलाव्याच्या आत, नळीतून गेलेली जी तांब्याची तार आहे, ती कोणाला दिसत नाही. ती सरळ गेली की वाकडी, जाड घातली की बारीक, तिचा सांधा पक्का बसला की नुसतीच चिकटपट्टी गुंडाळली, हे पाहणारा कोणी नसतो. आजचे चार शब्द त्या न दिसणाऱ्या तारेविषयी आणि ती घालणाऱ्या माणसाविषयी आहेत.

मराठी भाषा मोठी मिस्कील आहे. देवापुढे दिवा लावणे हे पुण्यकर्म, पण एखाद्याने काम बिघडवून ठेवले की त्यालाही लोक म्हणतात, "काय दिवे लावले!" विजेच्या कामात या दोन अर्थांमधले अंतर फार थोडे असते. ते अंतर राखणारा माणूस म्हणजे शासनाचा परवाना असलेला जाणकार कारागीर.

मुळशी तालुक्याला वीज ही काही परकी वस्तू नव्हे. उलट या तालुक्याने विजेची किंमत फार मोठी मोजलेली आहे. वाकडजवळून जी मुळा नदी वाहते, तिच्याच वरच्या अंगाला टाटांनी धरण बांधावयास घेतले, तेव्हा मावळ्यांची गावे, शेते आणि देवळे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्या लढ्याशी कायमची जोडलेली आहेत. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झालेच. १९२७ मध्ये त्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे आणि आगगाड्यांकडे गेली. खेडोपाडी वीज पोचण्याचे काम पुढे, १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर, जोराने सुरू झाले. २००५ साली त्या मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या आणि घरोघर वीज देण्याचे काम महावितरणकडे आले. जी वस्तू एवढ्या मोलाने मिळाली, ती घरात घेताना मात्र स्वस्तातला माणूस शोधावा, यासारखा विरोधाभास नाही.

हिंजवडी गावाचे रूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती पालटले, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. भाताची आणि ज्वारीची शेते होती तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुलेमुली नोकरीसाठी आली. त्यांना राहावयास खोल्या हव्यात, जेवावयास खानावळी हव्यात. गावाने त्या दिल्या. घरावर मजले चढले, गोठ्याच्या जागी चाळ आली, ओसरीच्या जागी दुकान आले. उत्पन्न वाढले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पुष्कळ ठिकाणी भिंती नव्या झाल्या आणि तारा मात्र जुन्याच राहिल्या.

ज्या काळी घरात दोन दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ होता, त्या काळच्या लाकडी पट्ट्यांवरच्या तारांना तेवढा भार सहज पेलत असे. आता हिशेब पाहावा. पाणी तापवण्याचा साधा गीझर दोन हजार वॅटचा असतो. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. तेव्हा एका गीझरला सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह लागतो. दहा खोल्यांच्या चाळीत सकाळी सात वाजता दहाही भाडेकरूंनी गीझर लावले, तर एकूण प्रवाह सत्त्याऐंशी अँपिअरच्या घरात जातो. त्यात कोणी विजेच्या शेगडीवर चहा ठेवला, कोणी वातानुकूलन यंत्र चालू केले, कोणी विजेची दुचाकी भारण्यास लावली, म्हणजे हिशेब आणखी वाढतो. आणि तारेचा स्वभाव असा आहे की तिच्यातून जाणारा प्रवाह दुप्पट झाला तर तिच्यात निर्माण होणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तार आतल्या आत तापते, तिच्यावरचे आवरण मऊ पडते, कडक होते, तडकते. हे सारे भिंतीच्या आत चालते. बाहेर मात्र नवा रंग आणि गणपतीची तसबीर!

अशा वेळी घरधनी काय करतो? बहुधा तो ओळखीतल्या एखाद्या होतकरू मुलाला हाक मारतो. असे संवाद गावोगाव ऐकू येतात.

"काय रं, वरच्या चार खोल्यांचं वायरिंग जमंल का तुला?"

"व्हय की आबा, त्यात काय एवढं! दोन दिसांत करून देतो."

"आणि पैशाचं?"

"तुमच्याकडनं काय पैसे घ्यायचे आबा? सामान तेवढं आणून द्या."

या संवादात वाईट कोणीच नाही. मुलगा प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, आबांविषयी त्याच्या मनात आदर आहे. आबांचाही त्या मुलावर जीव आहे. काम दोन दिवसांत होते, दिवे लागतात, पंखे फिरतात, पेढे वाटले जातात. आणि येथेच फसगत होते. कारण दिवा लागला म्हणजे काम बरोबर झाले, अशी सर्वांची समजूत असते. सुताराने दार चुकीचे बसवले तर ते लागत नाही. गवंड्याने भिंत चुकवली तर ती ओळंब्यात कळते. विजेचे काम एकटे असे आहे की ते चुकले तरी दिवा लागतोच. चूक कळते ती पुढे केव्हातरी, आणि तीही माणसाच्या जिवावर कळते.

याची तीन उदाहरणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण बटणाचे. घरात दोन तारा येतात. एक फेजची, म्हणजे जिवंत, आणि दुसरी न्यूट्रलची, म्हणजे प्रवाह परत नेणारी. बटण नेहमी फेजच्या तारेत बसवावयाचे असते. नवशिक्याने ते चुकून न्यूट्रलमध्ये बसवले, तरी बटण दाबले की दिवा लागतो आणि पुन्हा दाबले की विझतो. कोणालाही संशय येत नाही. परंतु दिवा विझलेला असतानाही त्याच्या होल्डरमध्ये वीज जिवंत असते. दिवाळीच्या साफसफाईला घरची लक्ष्मी बटण बंद करून, ओल्या फडक्याने होल्डर पुसावयास जाते. पुढचे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण अर्थिंगचे. भिंतीतल्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये वरचे मोठे भोक अर्थिंगचे असते. शीतकपाट, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री यांच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर ती जमिनीत निघून जावी, यासाठी ही वाट. खड्डा खणणे, नळ पुरणे, तेथून तार आणणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम. म्हणून काही जण सॉकेटच्या आतच अर्थिंगचा खिळा न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. यंत्र उत्तम चालते. पण ज्या दिवशी बाहेर कोठेतरी न्यूट्रलची तार तुटते, त्या दिवशी त्याच जोडणीतून वीज उलट येऊन शीतकपाटाच्या दांडीवर उभी राहते. जी वाट जीव वाचवण्यासाठी ठेवलेली, तीच जीव घेण्याची वाट होते.

तिसरे उदाहरण फ्यूजचे. फ्यूज म्हणजे दारावरचा राखणदार. भार जास्त झाला की त्याने स्वतः जळावे आणि घर वाचवावे. तो वरचेवर जळू लागला की वैतागून त्याच्या जागी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून बसवले जातात. मग फ्यूज जळत नाही, हे खरे. पण मग त्याच्याऐवजी भिंतीतली तार जळते. राखणदाराला बांधून ठेवून दरवाजा उघडा टाकण्यासारखेच हे झाले. आता पुष्कळ घरांत फ्यूजऐवजी एमसीबी आल्या आहेत. पण तेथेही सोळा अँपिअरची वारंवार पडते म्हणून बत्तीसची बसवणारे भेटतातच. तार तीच, राखणदार मात्र झोपाळू.

एमसीबी बसवली म्हणजे निर्धास्त झालो, असे मानणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. माणसाचे अंग ओले असले की त्याचा विजेला होणारा विरोध हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टच्या दाबाने अशा अंगातून सुमारे पाव अँपिअरहून थोडा कमी प्रवाह वाहतो. माणूस दगावण्यास तो पुरेसा आहे. परंतु सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो तिच्या क्षमतेचा जेमतेम सत्तरावा भाग! तिला तो कळतही नाही. एमसीबी ही तारेची राखण करते, माणसाची नव्हे. माणसाची राखण करणारे उपकरण वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांतल्या तीन भागांचा फरक पडला, की ते क्षणार्धात वीज तोडते. कोठे कोणते उपकरण बसवावे, हे सांगणे जाणकाराचे काम. दुकानातून डबी आणून बसवली, एवढ्याने ते साधत नाही.

अर्थिंगचीही अशीच गोष्ट. भारतीय मानकाप्रमाणे अर्थिंगचा लोखंडी जस्ती नळ किमान अडीच मीटर लांबीचा असावा लागतो. त्याच्याभोवती मीठ आणि कोळसा भरून जागा ओलसर ठेवावी लागते. मुळशीची जमीन मुरमाची आणि खाली काळ्या पाषाणाची. पावसाळ्यात ओली असते तोवर ठीक. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की जमिनीचा विरोध वाढतो. तो शंभर ओहम झाला, तर यंत्राच्या अंगातून जमिनीत जेमतेम सव्वादोन अँपिअर वीज जाईल. एवढ्याने सोळाची एमसीबी पडत नाही आणि यंत्राचे अंग जिवंतच राहते. म्हणजे अर्थिंग आहे, पण उपयोग नाही. अर्थिंग आहे की नाही हे विचारून भागत नाही. ते मोजून पाहावे लागते. मोजण्याचे यंत्र ज्याच्यापाशी आहे आणि त्याचा आकडा ज्याला वाचता येतो, तोच हे सांगू शकतो.

आता देवळाकडे वळू या. विजेच्या दृष्टीने देऊळ ही घराहूनही नाजूक जागा आहे. येथे माणूस अनवाणी येतो. अभिषेकाच्या पाण्याने फरशी ओली असते, हात ओले असतात. दर्शनाच्या रांगेला लोखंडी कठडे असतात, वर पितळेची घंटा असते. एका कठड्यात वीज उतरली तर रांगेतल्या सर्वांचेच हात त्या कठड्यावर असतात. आणि ग्रामदैवत श्री म्हातोबाची यात्रा भरते चैत्र पौर्णिमेला, म्हणजे अर्थिंगचा खड्डा जेव्हा कोरडा पडण्याचा संभव अधिक, नेमकी त्याच वेळी गर्दी आणि रोषणाई सर्वांत जास्त असते. म्हणून यात्रेआधी खड्ड्यात पाणी घालणे आणि अर्थिंग मोजून घेणे हे देवळाच्या रंगरंगोटीइतकेच नेमाने झाले पाहिजे.

यात्रेची रोषणाई, मंडप, ध्वनिक्षेपक यांसाठी रीतसर तात्पुरती वीजजोडणी मिळते. तारांवर आकडा टाकून घेतलेली वीज ही चोरी तर आहेच, २००३ च्या वीज कायद्यात तिला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण देवाच्या नावाने चोरीची वीज वापरावी, हे कायदा नसता तरी शोभले नसते. मंडपाच्या लोखंडी खांबांना रोषणाईच्या सोललेल्या तारा गुंडाळणे हा तर उघड मृत्यूशी खेळ होय.

बगाडाच्या बाबतीतही ही दक्षता हवी. हिंजवडीहून वाकडला बगाड जाते तेव्हा हजारो भाविक त्याच्याभोवती असतात. उंच मिरवणूक जेथे जेथे निघते, तेथे वरून जाणाऱ्या तारांचा विचार आधी व्हावा लागतो. तमिळनाडूत तंजावरजवळ कळिमेडू गावी २७ एप्रिल २०२२ रोजी उत्सवाच्या रथाचा उच्च दाबाच्या तारेशी संबंध आला आणि अकरा माणसे जागच्या जागी किंवा नंतर मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुलेही होती. तीही माणसे देवाच्याच कार्याला आली होती. मिरवणुकीचा मार्ग आधी कळवून, ठरल्या वेळी वीज बंद करून घेणे, हे काम वीज कंपनीशी बोलून जबाबदार माणसाने करावयाचे असते. गर्दीतल्या कोणीतरी बांबूने तार वर उचलून धरावयाची नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे दगावली. ही सारी वीज पडून नव्हे. माणसाने आणलेल्या विजेने. यांतील प्रत्येक ठिकाणी दिवे मात्र लागत होते.

म्हणूनच कायद्याने या कामाला परवाना आवश्यक ठरवला. ही काही आजची गोष्ट नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही ही अट होती. पुढे २००३ चा वीज कायदा आला आणि त्याखाली २०१० व २०२३ साली सुरक्षेचे नवे नियम झाले, त्यांतही ती कायम आहे. विजेची नवी मांडणी, वाढ, फेरफार वा दुरुस्ती परवानाधारक ठेकेदाराकडूनच, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्रीच्या हातून झाली पाहिजे. महाराष्ट्रात हे परवाने राज्य शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण जसेच्या तसे बदलणे, एवढ्या किरकोळ कामाला मात्र सूट आहे. तेव्हा होल्डरमधला दिवा बदलण्यासाठी कोणी परवाना शोधत बसावे, असे कायदा म्हणत नाही. पण नवी खोली, नवी तार, नवा गीझर, वाढीव भार आला की परवानाधारक आलाच पाहिजे.

येथे एक गोष्ट स्पष्ट व्हावयास हवी. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची. मीटरच्या पुढची जबाबदारी घरधन्याची. मीटरच्या अलीकडे काही बिघडले तर १९१२ या क्रमांकावर तक्रार करता येते. पलीकडे काही घडले तर विचारणा घरधन्यालाच होते. भाडेकरू दगावला तर खोलीच्या मालकाला, गिऱ्हाईक दगावले तर दुकानदाराला, भाविक दगावला तर विश्वस्तांना.

मग परवाना म्हणजे नेमके काय? तो हुशारीचा दाखला नव्हे. परवाना नसलेला एखादा मुलगा परवानाधारकाहून चलाख असू शकेल. परवाना म्हणजे उत्तरदायित्व. काम संपल्यावर परवानाधारक ठेकेदार चाचणी अहवाल देतो आणि त्याच्यावर सही करतो. नव्या वीजजोडणीच्या अर्जासोबत हाच अहवाल द्यावा लागतो. या सहीचा अर्थ असा, की ही तार मी तपासली आहे, हे अर्थिंग मी मोजले आहे आणि उद्या काही विपरीत घडले तर माझा परवाना आणि माझे नाव पणाला लागेल. भिंतीतली तार कोणाला दिसत नाही, पण तिच्याबद्दल उत्तर देणाऱ्याची सही दिसते. घरधनी जे जास्त पैसे मोजतो, ते या सहीचे.

दुर्दैवाने या सहीचाही बाजार होऊ शकतो. काम एकाने करावे आणि कधी जागेवर पाऊलही न टाकलेल्या दुसऱ्याची सही पैसे देऊन अहवालावर आणावी, हा मोह घरधन्यालाही पडतो. अशी सही म्हणजे मूर्तीवाचून केलेली प्राणप्रतिष्ठा. कागद पुरा होतो, गाभारा रिकामाच राहतो. सही करणारा माणूस स्वतः जागेवर येऊन, चाचणी करून गेला पाहिजे, हा आग्रह गावाने धरावा.

परवानाधारकाला काम देताना घरधन्याने कसे वागावे, याची रीत अवघड नाही. प्रथम परवाना मागून पाहावा. नाव, क्रमांक आणि मुदत वाचावी. यात संकोच मानू नये, खरा परवानाधारक रागावत नाही. दुसरे, घरात आज काय काय आहे आणि पाच वर्षांत काय येणार आहे, हे त्याला मोकळेपणाने सांगावे आणि त्याप्रमाणे भार ठरवून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. दिव्यांना कोणती तार, सॉकेटला कोणती, गीझरला कोणती, हे त्यात लिहिलेले असावे. गीझर आणि वातानुकूलन यंत्र यांना मीटरपेटीपासून स्वतंत्र तार हवी. तिसरे, माल आयएसआय चिन्हाचा घ्यावा आणि पावती स्वतःच्या नावे करावी. चौथे, गिलावा होण्यापूर्वी नळ्या कोठून गेल्या त्याचा साधा नकाशा कागदावर काढून ठेवावा. पुढे कोणी भिंतीत खिळा मारताना तो उपयोगी पडतो. पाचवे, काम संपल्यावर मेगरने तारांची आणि यंत्राने अर्थिंगची चाचणी समोर उभे राहून करवून घ्यावी. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून वीज खरोखर तुटते का, हे पाहावे आणि पुढेही महिन्याकाठी पाहत राहावे. शेवटचा हप्ता सही केलेला अहवाल हाती आल्यावरच द्यावा.

दुकान, खानावळ, वसतिगृह चालवणाऱ्यांची जबाबदारी आणखी मोठी, कारण तेथे परकी माणसे विश्वासाने येतात. कोणाच्या तरी घरचा मुलगा दूर प्रांतातून येऊन गावातल्या खोलीत झोपतो. त्याच्या आईवडिलांनी ती खोली पाहिलेली नसते. मंजूर भारापेक्षा जास्त वीज लागत असेल तर अर्ज करून भार वाढवून घ्यावा. घरगुती मीटरवर धंदा चालवणे हा कायद्याने अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. पण दंडाहून मोठी गोष्ट अशी, की घरगुती मापाच्या तारेवर धंद्याचा भार पडतो. उंच इमारती आणि मोठी जनित्रे यांच्या बाबतीत विद्युत निरीक्षकांकडेही जावे लागते. परवानाधारक ठेकेदार त्याची वाट दाखवतो.

आता पुन्हा त्या आबांच्या लाडक्या मुलाकडे यावयास हवे. या व्याख्यानाचा अर्थ असा कोणी घेऊ नये, की गावच्या पोराला दूर लोटावे आणि शहरातला माणूस आणावा. उलट, परवानाधारक माणूस गावातलाच असावा, हे सर्वांत चांगले. रात्री बारा वाजता ठिणगी उडाली तर धावून येणारा तोच. बाहेरचा माणूस काम करून निघून जातो. गावातला माणूस त्याच देवळात रोज दर्शनाला येतो. आपल्या हातच्या तारेखाली आपलीच म्हातारी आई उभी राहणार, ही जाणीव त्याला असते. मुलाच्या हातात कसब आहे. उणीव आहे ती शिक्षणाची आणि परवान्याची. औंधची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था हिंजवडीपासून फार दूर नाही. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. त्यानंतर परवानाधारकाच्या हाताखाली अनुभव घेऊन पुढची वाट मोकळी होते. आबांनी त्या मुलाला फुकटचे काम न देता त्याच्या शिक्षणाला हातभार लावला, तर दोघांचेही कल्याण होईल. शेत गेले तेथे नोकरी आली नाही, असे म्हणणाऱ्या तरुणांच्या हाती हा असा धंदा आहे, की ज्याला या परिसरात काम कधीच कमी पडणार नाही.

देणगीदारांपुढे शेवटी एक विनंती ठेवावीशी वाटते. कळसाला देणगी देणारे पुष्कळ भेटतात, घंटेला भेटतात, फरशीला भेटतात. जमिनीखालच्या अर्थिंगच्या नळासाठी देणगी देणारा क्वचितच भेटतो, कारण तेथे नाव कोरावयास जागा नसते. परंतु देवळाच्या पायातला पहिला दगडही कोणाला दिसत नाही आणि सारे देऊळ त्याच्यावरच उभे असते. एखाद्या दात्याने म्हणावे, की मंडपाच्या वायरिंगचा, आरसीसीबीचा आणि दरवर्षी यात्रेपूर्वी होणाऱ्या चाचणीचा खर्च आपला. एखाद्याने म्हणावे, की गावातल्या एका मुलाच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा भार आपला. हे दान कळसाच्या दानाहून उणे ठरणार नाही.

आणि समितीने एवढे करावे. देणगीदारांची पाटी सभामंडपात झळकते, ती झळकलीच पाहिजे. तिच्याबरोबरच मीटरपेटीच्या दाराच्या आतल्या बाजूस एक साधा कागद काचेखाली लावावा. त्यावर काम करणाऱ्या परवानाधारकाचे नाव, त्याचा परवाना क्रमांक, चाचणीची तारीख, अर्थिंगचा मोजलेला आकडा आणि खाली त्याची सही असावी. दरवर्षी चैत्राच्या आधी त्याखाली नवी तारीख आणि नवी सही पडावी. देवळात हे झाले की गावातल्या घराघरांतून, दुकानांतून आणि खोल्यांतून तोच पायंडा पडेल. कारण गाव देवळाकडे पाहून वागते.

गाभाऱ्यातील समई तेवत राहील ती श्रद्धेने. सभामंडपातील दिवा सुखरूप तेवत राहावा, यासाठी श्रद्धेच्या जोडीला त्या कागदावरची खरी सही हवी. ग्रामदैवत श्री म्हातोबा गावाला तशी बुद्धी देवो आणि यात्रेला आलेला प्रत्येक माणूस सुखरूप आपल्या घरी परतो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.